ईमॅक्समधील संक्षेपांची साठवण

ईमॅक्समधील संक्षेपांची साठवण म्हणजे ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये वापरकर्त्याने स्वतः ठरवलेले संक्षेप व त्यांचे विस्तार एका फाइलमध्ये लिहून ठेवण्याची आणि पुढच्या वेळी ती फाइल वाचून ते पुन्हा उपलब्ध करून देण्याची व्यवस्था होय. ही फाइल 'अ‍ॅब्रेव्ह_डेफ्स' या नावाने ओळखली जाते. वर्षानुवर्षे लेखन करणाऱ्या व्यक्तीने जमवलेले शेकडो संक्षेप या एकाच फाइलवर अवलंबून असतात. त्यामुळे फाइल कशी लिहावी, तिच्यात काय असावे व काय नसावे, ती कोणत्या वर्णसंकेतनात असावी, या प्रश्नांची उत्तरे ईमॅक्सच्या निर्मात्यांना वेळोवेळी सुधारावी लागली. या सुधारणांचे स्वरूप व त्यांमागील कारणे हा या लेखाचा विषय आहे.

संक्षेप म्हणजे काय

ईमॅक्सची परंपरा १९७६ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे सुरू झाली. आज प्रचारात असलेला ग्नू ईमॅक्स रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. वारंवार लागणारी लांबलचक पदे थोडक्या अक्षरांत टंकता यावीत, ही सोय या परंपरेत फार जुनी आहे.

संक्षेपाचे काम समजण्यासाठी मराठी पत्रलेखनातील परिचित उदाहरण घेता येईल. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' हे चार शब्द आपण हाताने लिहिताना 'सा. न. वि. वि.' असे लिहितो आणि वाचणारा ते मनात पूर्ण करून घेतो. ईमॅक्समध्ये हे पूर्ण करण्याचे काम एडिटर करतो. 'सानविवि' हा संक्षेप एकदा ठरवून दिला आणि संक्षेप-मोड चालू असला, की 'सानविवि' टंकून जागेची कळ दाबताच पडद्यावर चारही शब्द उमटतात. जागेऐवजी स्वल्पविराम किंवा पूर्णविराम दिला तरी तसेच घडते.

येथे एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. ईमॅक्स सामान्यतः शब्दात बसणाऱ्या वर्णांचाच संक्षेप ओळखतो. टिंब हे विरामचिन्ह असल्याने 'सा.न.वि.वि.' हे रूप जसेच्या तसे संक्षेप म्हणून चालत नाही. ईमॅक्सच्या दृष्टीने प्रत्येक टिंबापाशी शब्द संपतो. २००९ साली आलेल्या २३व्या आवृत्तीपासून एखाद्या सारणीपुरता हा नियम बदलण्याची सोय झाली आहे, परंतु नित्याच्या वापरात टिंबे वगळणेच सोयीचे.

संक्षेप दोन प्रकारच्या सारण्यांत ठेवले जातात. सार्वत्रिक सारणीतील संक्षेप सर्वत्र लागू पडतात, तर विशिष्ट मोडच्या सारणीतील संक्षेप त्या मोडपुरते. दोन्हींत एकच संक्षेप असेल तर मोडचा संक्षेप ग्राह्य धरला जातो. नवा सार्वत्रिक संक्षेप 'कंट्रोल-एक्स ए जी' या कळक्रमाने आणि मोडपुरता संक्षेप 'कंट्रोल-एक्स ए एल' या कळक्रमाने नोंदवतात.

फाइलची रचना

नोंदवलेला संक्षेप आरंभी केवळ संगणकाच्या स्मृतीत असतो. ईमॅक्स मजकुराच्या बफरांची अधूनमधून आपोआप तात्पुरती प्रत ठेवतो, पण ही सोय संक्षेपांना लागू नाही. वीज गेली किंवा ईमॅक्स मध्येच बंद पडला, तर त्या बैठकीतील नवे संक्षेप जातात. ते टिकवायचे तर फाइलमध्ये लिहावे लागतात. हे काम 'राइट-अ‍ॅब्रेव्ह-फाइल' ही आज्ञा करते.

फाइलचे नाव व ठिकाण ठरलेले आहे. पूर्वी ती वापरकर्त्याच्या मुख्य निर्देशिकेत, नावाच्या आरंभी टिंब असलेली लपलेली फाइल म्हणून असे. नंतर तिला ईमॅक्सच्या स्वतःच्या निर्देशिकेत जागा मिळाली. मात्र जुन्या जागी जुनी फाइल आढळली तर ईमॅक्स तीच वापरतो. ज्यांनी अनेक वर्षांपूर्वी संक्षेप जमवले, त्यांचा संग्रह केवळ जागा बदलल्यामुळे हरवू नये, एवढी काळजी घेतलेली दिसते.

फाइलमधील मजकूर लिस्प या भाषेत असतो. प्रत्येक सारणीसाठी तिची व्याख्या करणारे एक विधान आणि त्यात एकेका संक्षेपाची कंसातील नोंद, अशी मांडणी असते. नोंदीत चार गोष्टी येतात : संक्षेप, त्याचा विस्तार, विस्तारानंतर चालवायच्या फंक्शनचे नाव आणि तो संक्षेप आजवर किती वेळा वापरला गेला याचा आकडा. बहुतेकांना फंक्शनची गरज नसते, तेव्हा त्या जागी 'निल' हा शब्द लिहिला जातो. विस्तारात अवतरणचिन्ह असले तर त्याआधी उलटी तिरकी रेघ घालून ते सुरक्षित केले जाते. अन्यथा वाचताना तेथेच विस्तार संपला असा गैरसमज होईल.

ही फाइल म्हणजे थोडक्यात एक आज्ञावलीच आहे. ईमॅक्स सुरू होताना ती चालवतो आणि सारण्या पुन्हा उभ्या राहतात. वेगळे वाचनयंत्र लिहावे लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा लाभ. तोटाही त्यातच आहे. हाताने दुरुस्ती करताना एखादा कंस गळला, तर वाचन तेथे अडते आणि पुढच्या सारण्या स्मृतीत येतच नाहीत. अशा स्थितीत एखादा नवा संक्षेप नोंदवून फाइल पुन्हा लिहिली, तर न वाचल्या गेलेल्या सारण्या नव्या फाइलमध्ये नसतात. ईमॅक्स ही फाइल लिहिताना आधीच्या फाइलची राखीव प्रत काढत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे धोका किती खरा आहे ते कळेल.

वर्णसंकेतनाचा प्रश्न

सर्वांत महत्त्वाची सुधारणा वर्णसंकेतनासंबंधी आहे, आणि देवनागरीत लिहिणाऱ्यांचा तिच्याशी थेट संबंध येतो.

फाइलमध्ये प्रत्यक्षात अक्षरे नसतात, बाइट असतात. कोणत्या बाइटांचा अर्थ कोणते अक्षर, हे वर्णसंकेतन ठरवते. इंग्रजी वर्णमालेपुरता हा प्रश्न जाणवत नाही, कारण तिची अक्षरे बहुतेक संकेतनांत एकेका बाइटात आणि एकाच तऱ्हेने लिहिली जातात. देवनागरीचे तसे नाही. यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइट घेतो. 'महाराष्ट्र' हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, परंतु काने व हलन्तचिन्हे धरून त्यात दहा वर्ण आहेत. म्हणजे फाइलमध्ये तो तीस बाइटांची जागा घेतो. हे तीस बाइट वाचताना चुकीचे संकेतन गृहीत धरले, तर पडद्यावर 'महाराष्ट्र' न येता निरर्थक चिन्हांची रांग येते.

ईमॅक्स २२पर्यंत या एडिटरची अंतर्गत वर्णव्यवस्था 'ईमॅक्स-म्यूल' नावाच्या स्वतःच्या संकेतनावर आधारलेली होती. जगातील अनेक लिप्या एकाच बफरात दाखवता याव्यात म्हणून ती युनिकोडच्या प्रसारापूर्वी घडवली गेली. संक्षेपांची फाइलही याच संकेतनात लिहिली जाई आणि तिच्या पहिल्या ओळीत तशी नोंद असे. ईमॅक्सपुरते हे निर्दोष होते. जो वर्ण ईमॅक्सला दाखवता येतो, तो या संकेतनात लिहिताही येत असे. पण ईमॅक्सबाहेर या संकेतनाला कोणी ओळखत नव्हते. तीच फाइल दुसऱ्या एडिटरमध्ये उघडली, किंवा शोध घेणाऱ्या एखाद्या साधनाला दिली, तर इंग्रजी संक्षेप नीट दिसत आणि देवनागरी, चिनी वा अरबी विस्तारांच्या जागी कचरा दिसे. ज्याची लिपी रोमन आहे त्याला या दोषाचा पत्ताही लागू नये आणि इतरांना मात्र तो पदोपदी नडावा, असे संगणकाच्या क्षेत्रात बऱ्याचदा घडले आहे. त्यातलेच हे एक उदाहरण.

२३व्या आवृत्तीत ईमॅक्सची अंतर्गत व्यवस्था बदलून युनिकोडवर आधारलेली झाली. संक्षेपांची फाइल यूटीएफ-८ मध्ये लिहिण्याची सुधारणा त्यानंतर आली. वरवर पाहता जुन्या संकेतनाचे नाव खोडून नवे नाव घालावे, एवढेच काम होते. परंतु त्यात एक पेच होता. ईमॅक्सचा वर्णसंच युनिकोडपेक्षा मोठा आहे. युनिकोडचा शेवटचा क्रमांक ११,१४,१११ आहे, तर ईमॅक्सच्या वर्णांचे क्रमांक ४१,९४,३०३ पर्यंत जातात. युनिकोडमध्ये न सामावलेले काही वर्ण आणि कोणत्याही अक्षराशी न जुळणारे सुटे बाइट यांना ईमॅक्सने या वाढीव जागेत स्थान दिले आहे. असा एखादा वर्ण कोणाच्या विस्तारात असला, तर तो शुद्ध यूटीएफ-८ मध्ये लिहिता येत नाही. केवळ नाव बदलले असते, तर हजारांच्या सोयीसाठी एखाद्याचा संक्षेप बिघडला असता.

यावरील उपाय साधा आहे. सर्व सारण्या प्रथम एका तात्पुरत्या बफरात लिहिल्या जातात. मग त्या बफरातील प्रत्येक वर्ण यूटीएफ-८ मध्ये बसतो का, हे तपासले जाते. बसत असेल, आणि बहुधा बसतोच, तर यूटीएफ-८ निवडले जाते. एखादा वर्ण बसत नसेल तर ईमॅक्सचे स्वतःचे विस्तारित संकेतन वापरले जाते. निवड झाल्यावर बफराच्या आरंभी परत जाऊन निवडलेल्या संकेतनाचे नाव पहिल्या ओळीत घातले जाते आणि शेवटी हा सारा मजकूर फाइलमध्ये उतरवला जातो.

यात क्रमाला महत्त्व आहे. संकेतनाची ओळ फाइलमध्ये सर्वांत वर असते, पण ती लिहिली जाते सर्वांत शेवटी, कारण आतला मजकूर पूर्ण झाल्याशिवाय कोणते संकेतन पुरेल ते सांगता येत नाही. प्रस्तावना ग्रंथाच्या आरंभी छापली जाते, मात्र ग्रंथ पूर्ण झाल्यावर लिहिली जाते, तसेच हे. ही ओळ नसती तर वाचणाऱ्या ईमॅक्सला त्या संगणकाच्या भाषाविषयक मांडणीवरून संकेतनाचा अंदाज बांधावा लागला असता. एका संगणकावर लिहिलेली फाइल दुसऱ्या संगणकावर नेताना तो अंदाज चुकण्याचा संभव असतो.

देवनागरीच्या वाट्याला एक सोय मात्र अनायासे आली आहे. रोमन लिपीत संक्षेपाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत टंकले तर विस्ताराचेही पहिले अक्षर मोठे करायचे की नाही, असा प्रश्न उद्भवतो व त्यासाठी ईमॅक्सला खास नियम करावे लागले आहेत. देवनागरीत लहान-मोठी लिपी नसल्याने हा गुंताच नाही.

कोणाचे संक्षेप लिहायचे

फाइल लिहिण्याच्या कामातील दुसरा प्रश्न मालकीचा होता. प्रोग्रॅमिंग भाषांसाठी असलेले काही मोड आपल्याबरोबर तयार संक्षेप घेऊन येतात. ते वापरकर्त्याने ठरवलेले नसतात. ते त्याच्या फाइलमध्ये उतरले, तर दोन अडचणी होतात. फाइल अकारण फुगते, ही पहिली. दुसरी अधिक गंभीर आहे : पुढच्या आवृत्तीत मोडच्या कर्त्यांनी एखादा विस्तार सुधारला तरी वापरकर्त्याच्या फाइलमधला जुना विस्तार त्याची वाट अडवून बसतो.

म्हणून संक्षेपांचे दोन वर्ग केले गेले. मोडने पुरवलेल्या संक्षेपांना 'सिस्टिम' असे चिन्ह लावले जाते आणि फाइल लिहिताना ते वगळले जातात. वापरकर्त्याने त्याच नावाचा स्वतःचा संक्षेप आधीच ठरवला असेल, तर सिस्टिम संक्षेप सामान्यतः त्याच्यावर चढत नाही. संक्षेपांची यादी पडद्यावर मागवली असता मात्र दोन्ही वर्ग दिसतात व सिस्टिम संक्षेपांपुढे तशी खूण असते. यादीत दिसणारा संक्षेप फाइलमध्ये का सापडत नाही, असा संभ्रम नव्या वापरकर्त्याला पडतो, त्याचे उत्तर हेच आहे.

याच्याच जोडीला रिकाम्या सारण्यांचा प्रश्न होता. जवळजवळ प्रत्येक मोडची स्वतःची सारणी असते आणि पूर्वी त्या सर्व, रिकाम्या असल्या तरी, फाइलमध्ये लिहिल्या जात. पाच-सहा संक्षेप ठेवणाऱ्याच्या फाइलमध्येही रिकाम्या सारण्यांची लांबच लांब रांग दिसे. आता लिहिण्यापूर्वी सारणीत वापरकर्त्याचा एक तरी संक्षेप आहे का हे पाहिले जाते, आणि नसेल तर ती सारणी गाळली जाते.

वापरकर्त्याने आपल्या आरंभ-फाइलमध्ये, म्हणजे ईमॅक्स सुरू होताना चालणाऱ्या वैयक्तिक आज्ञावलीत, संक्षेप लिहिले असतील तर काय, हा प्रश्न उरतो. सिस्टिम चिन्ह न लावता तेथे व्याख्या केली, तर ईमॅक्स त्या संक्षेपांना वापरकर्त्याचे समजून संक्षेपांच्या फाइलमध्येही उतरवतो. त्यामुळे आरंभ-फाइलमधून एखादा संक्षेप पुसूनही तो पुढच्या वेळी पुन्हा जिवंत झालेला आढळतो, कारण तो दुसऱ्या फाइलमध्ये राहिलेला असतो. हा दोष म्हणावा असे नाही. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली की हे ओघानेच येते. संक्षेप कोणत्या तरी एकाच ठिकाणी ठेवावेत, किंवा आरंभ-फाइलमधील संक्षेपांना सिस्टिम चिन्ह लावावे.

क्रमवारी

संगणकाच्या दृष्टीने सारण्या कोणत्या क्रमाने लिहिल्या हे महत्त्वाचे नाही. वाचल्यावर परिणाम तोच होतो. त्यामुळे पूर्वी त्या ईमॅक्सच्या यादीत ज्या क्रमाने असत त्याच क्रमाने लिहिल्या जात. यादीतील क्रम मात्र त्या बैठकीत कोणते मोड आधी व कोणते नंतर उघडले यावर ठरतो. परिणामी संक्षेपांत काहीही बदल न होता फाइल रोज निराळी दिसू शके.

एकाच संगणकावर काम करणाऱ्याला याने काही बिघडत नाही. परंतु अनेक जण आपली वैयक्तिक मांडणी गिटसारख्या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत ठेवतात व घरच्या आणि कामाच्या संगणकावरील प्रती अधूनमधून जुळवून घेतात. अशी प्रणाली ओळीगणिक फरक पाहते. सारण्यांची जागा बदलली की तिला सगळाच मजकूर बदललेला वाटतो, आणि घरी नोंदवलेले दोन संक्षेप व कार्यालयात नोंदवलेला एक संक्षेप आपोआप एकत्र करणे तिला जमत नाही. यासाठी सारण्यांची नावे आणि प्रत्येक सारणीतील संक्षेप वर्णक्रमाने लावून लिहिण्याची पद्धत आली. आता एक नवा संक्षेप म्हणजे फाइलमध्ये आपल्या जागी एक नवी ओळ, इतकाच फरक पडतो.

वापराच्या आकड्याने मात्र ही सोय थोडी उणी केली आहे. तो आकडा त्याच ओळीत असल्याने संक्षेप न बदलता नुसता वापरला तरी पुढच्या लेखनात ओळ बदललेली दिसते. कोणते संक्षेप उपयोगी पडतात व कोणते नुसते पडून आहेत हे आकड्यावरून कळते, हे खरे. तरी आकडे निराळ्या फाइलमध्ये असते तर बरे झाले असते, असे प्रती जुळवणाऱ्या कोणालाही वाटेल.

केव्हा लिहायचे

संक्षेपांत बदल झाला की ईमॅक्स एक खूण उभी करतो. पुढे वापरकर्त्याने सर्व बफर जतन करण्याची आज्ञा दिली किंवा ईमॅक्स बंद करायला घेतला, की ती खूण पाहून संक्षेपही लिहिले जातात. त्यापूर्वी विचारावे, न विचारता लिहावे की लिहूच नये, हे 'सेव्ह-अ‍ॅब्रेव्ह्ज' या चलाच्या किमतीवर ठरते. बंद करताना दर वेळी संक्षेप जतन करू का, असा प्रश्न येत असेल, तर एखादी व्याख्या संक्षेपांच्या फाइलमधील व्याख्येहून भिन्न असल्यामुळे ही खूण दर वेळी उभी राहते आहे का, हे पाहावे. पूर्वीसारखीच व्याख्या पुन्हा केली तर खूण उभी राहत नाही.

लिहिताना ईमॅक्स फाइलमधील जुन्या मजकुरात भर घालत नाही. स्मृतीत जे आहे त्यावरून तो संपूर्ण फाइल नव्याने लिहितो. याचे परिणाम दूरवर जातात. दोन ईमॅक्स एकाच वेळी चालू असतील आणि दोन्हींत वेगवेगळे संक्षेप नोंदवले असतील, तर शेवटी लिहिणाऱ्याची फाइल टिकते व पहिल्याचे नवे संक्षेप पुसले जातात. फाइलमध्ये हाताने लिहिलेल्या टिपा पुढच्या लेखनात नाहीशा होतात. ईमॅक्स चालू असताना फाइलमधील एखादी नोंद पुसली, तरी ती स्मृतीत असल्याने पुन्हा लिहिली जाते; फाइल परत वाचायला लावूनही उपयोग नाही, कारण वाचनाने नव्या नोंदी जमा होतात, जुन्या वजा होत नाहीत.

दुरुस्तीचा योग्य मार्ग 'एडिट-अ‍ॅब्रेव्ह्ज' ही आज्ञा होय. तिने सर्व संक्षेप एका बफरात मांडले जातात. तेथे ओळी बदलून किंवा गाळून 'कंट्रोल-सी कंट्रोल-सी' दाबले की आधीच्या सर्व व्याख्या रद्द होऊन बफरातील व्याख्या लागू होतात. गाळलेली ओळ म्हणजे गेलेला संक्षेप. त्याच बफरात 'कंट्रोल-एक्स कंट्रोल-एस' दाबल्यास संक्षेप फाइलमध्येही लिहिले जातात.

इतर प्रणालींतील पद्धती

व्हिम या एडिटरमध्ये काम चालू असताना ठरवलेले संक्षेप ती बैठक संपताच जातात. कायमचे हवे असतील तर वापरकर्त्याने ते आपल्या आरंभ-फाइलमध्ये स्वतः लिहायचे असतात. यात सोय कमी, पण एडिटर वापरकर्त्याच्या फाइलवर कधी हात फिरवत नसल्याने वर सांगितलेले बहुतेक प्रश्न तेथे उद्भवतच नाहीत. लिबरऑफिसमध्ये आपोआप दुरुस्तीच्या याद्या भाषेनुसार वेगळ्या फाइलींत असतात. या फाइली म्हणजे प्रत्यक्षात झिप पद्धतीने आवळलेले एक्सएमएल दस्तऐवज. मायक्रोसॉफ्ट वर्ड साध्या मजकुराच्या नोंदी एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो, तर ठळक, तिरपा इत्यादी स्वरूपासह असलेल्या नोंदी दस्तऐवजाच्या मूळ साच्यात ठेवतो. नवा संगणक घेतल्यावर केवळ एक फाइल हलवली आणि अर्ध्या नोंदी आल्या नाहीत, असा अनुभव येतो तो या विभागणीमुळे.